वरची अर्धी भिंत

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक फाइल आहे. तिच्या अठराव्या पानावर लिहिलंय, "वरच्या अर्ध्या भागातील लेप रंगाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मेला." ते खोटं आहे. खोटं आहे हे सगळ्यांत आधी मला माहीत होतं आणि ती ओळ टाइपही मीच केली. तो रंगारी माझा सख्खा मामा. आता मामा म्हणतेय, पण त्या कामावर असताना मी त्याला 'अहो' म्हणत होते आणि तो मला 'मॅडम'. असं का, ते सांगायचं तर सुरुवात मामापासूनच करायला हवी.

मामाने छत्तीस वर्षं इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. फक्त बाहेरच्या. आतल्या कामाला तो 'खोलीत बसून पावडर लावणं' म्हणायचा. दोन दोरांना टांगलेली एक फळी, डावीकडे बादली, उजवीकडे ब्रशांची पिशवी आणि मध्ये हा काटकुळा माणूस. सहाव्या मजल्यावर लटकून तो खालच्या चहावाल्याला ओरडून सांगायचा की साखर कमी टाक. भिंत संपली की थेट समोरच्या फुटपाथवर जायचा, कमरेवर हात ठेवून वरपासून खालपर्यंत बघायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "चकाचक!" ठेकेदारांनी त्याचं नावच चकाचक पाडलं. मामी रागावली की तीही म्हणायची, "या चकाचक, अंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही."

शेवाळाशी त्याचं हाडवैर. प्रत्येक कामाची सुरुवात शेवाळापासून व्हायची. आधी पत्र्याने खरवडायचं, मग तारेच्या ब्रशने घासायचं, मग ब्लीचचं पाणी मारायचं, दोन दिवस वाळू द्यायचं आणि मगच रंगाचा डबा उघडायचा. घाई करून शेवाळावरच रंग फासणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे. त्याच्या सगळ्या कपड्यांना ब्लीचचा वास यायचा. मी नऊ वर्षांची असल्यापासून मामा-मामींकडे वाढले, कारण आई-बाबा दोघंही फिरतीच्या नोकरीत. मामा लोकांना असाच वास येतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आठवीत असताना शाळेत सूक्ष्मदर्शक आला. बाईंनी सांगितलं, काहीतरी हिरवं घेऊन या. मुलांनी पानं आणली, कुणी डबक्यातलं पाणी आणलं. मामाने मला खोकल्याच्या गोळ्यांची एक डबी दिली. तिच्यात चार वेगवेगळ्या मजल्यांवरचं शेवाळ चार कागदांत बांधलेलं होतं आणि प्रत्येक कागदावर मजल्याचा आकडा. "बघ बाई माझे दुश्मन कसे दिसतात ते," म्हणाला. मी डोळा लावला तर हिरव्या मण्यांच्या माळाच माळा. त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाला सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकूच दिलं नाही. पुढे मी जे शिकले, ज्यावर आज माझं पोट चालतं, ते सगळं त्या डबीतून आलेलं आहे.

तर आमची प्रयोगशाळा. आम्ही काँक्रीटच्या भिंतींवर रंगाऐवजी जिवंत लेप वाढवतो. शेवाळ, हिरवे जिवाणू, हरिता नावाच्या त्या मखमली वनस्पतीचे बारीक तुकडे आणि त्यांना धरून ठेवणारं खळीसारखं द्रव्य, हे एकत्र करून भिंतीवर फवारायचं. पहिले तीन आठवडे दिवसातून तीनदा पाण्याची धुक्यासारखी बारीक फवारणी करायची. जगलं तर भिंत हिरवी होते, उन्हात कमी तापते, धूळ धरते आणि तिला पापुद्रे सुटत नाहीत. मेलं तर भिंतीवर पांढरट खपली उरते आणि येणारे-जाणारे विचारतात, की हे असं कुणी केलं?

आमच्या सरांना एका वाचनालयाची तीन मजली भिंत मिळाली. एवढी मोठी भिंत पहिलीच. त्यांना भिंतीवर लटकणारा, हात हलका असलेला माणूस हवा होता. मी म्हटलं, एक जण माझ्या माहितीत आहे. 'माहितीत'! कार्यालयात नियम होता की नातेवाइकांना कामावर घ्यायचं नाही. नियम होता हे खरं, पण मला तो नियम फार सोयीचा पडला हेही खरं. डबा खाताना सगळे घरच्यांबद्दल बोलत. कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाची मावशी डॉक्टर. मी पहिल्या आठवड्यातच सांगून बसले होते की मी ज्यांच्याकडे वाढले ते बांधकामाच्या व्यवसायात आहेत. लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि मी तो घेऊ दिला. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण लिहायला हवं.

मामाला मी अडखळत सांगितलं की तिथे ओळख दाखवायची नाही. त्याने जराही वाईट वाटून घेतलं नाही. उलट त्याला भारीच गंमत वाटली. "मॅडम म्हणू? अगदी वाकून मॅडम म्हणतो." त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर दारातच म्हणाला, "या मॅडम, चपला इकडे काढा मॅडम, ताट आपलं आपणच घासायचं असतं मॅडम." मामी हसून हसून खाली बसली.

कामाचं स्वरूप कळलं तेव्हा मात्र त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे छत्तीस वर्षं जे खरवडलं ते आता शिंपडायचं?"

"हो."

"आणि ते वाढलं की शाबासकी?"

"हो."

"मग आधी बोलायचंस ना! खरवडलंच नसतं. घरी बसून शाबासकी घेतली असती."

थट्टा केली, पण काम शिकला ते जीव लावून. पहिल्या दिवशी त्याने वाचनालयाच्या भिंतीवर ठिकठिकाणी तळहाताने थापा मारल्या, कान लावला, बोटाने चाचपलं आणि खडूने खुणा केल्या. इथून पाणी धावतं, इथे काही टिकणार नाही. या छज्ज्याखाली ओल राहते, इथे आधी धरेल. सरांच्या यंत्राने ओलाव्याचा तक्ता द्यायला चार दिवस घेतले आणि तक्ता आला तो मामाच्या खडूवर जवळजवळ बसला. सर म्हणाले, "योगायोग असतात." मामा म्हणाला, "असतात ना साहेब, छत्तीस वर्षं सारखेच होतायत."

लेपाला तो 'पिल्लं' म्हणायला लागला. पिल्लांना दुपारचं ऊन नको, पिल्लांना जोराचं पाणी नको. मामीने मला फोनवर सांगितलं, की ह्यांनी कामाचे सगळे कपडे तीन-तीनदा उकळले, ब्लीचचा वास गेला की नाही ते मला हुंगायला लावलं. "लग्नानंतर पहिल्यांदा हा माणूस वास न येता घरात फिरतोय," ती म्हणाली, "मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

आता फवारणीच्या दिवसाचं सांगते. आमच्या धंद्यात एक विचित्र गोष्ट आहे. जंतू वाढवायचे असतील तर दिवसभर जंतू मारत बसावं लागतं. भलतीच बुरशी शिरू नये म्हणून लेपाचे ड्रम आधी कडक ब्लीचने धुवायचे. मग त्यात एक पावडर टाकून ब्लीचचा जोर मोडायचा. मग साध्या पाण्याने तीनदा खळबळून काढायचे. ड्रमला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर तीन चौकोन, एकेक पायरी झाली की एकेक टिक. ड्रम धुणं हे माझं काम. दुसऱ्या कुणावर मी ते सोपवतच नसे, इतकी मी शिस्तीची.

दुसरा ड्रम मी आधी धुऊन ठेवला होता, नीट. पहिल्यातलं ब्लीच तोटीतून सोडून दिलं आणि पावडरचं पाकीट एप्रनच्या खिशातून काढणार तेवढ्यात सरांनी बाहेरून हाक मारली. वर्तमानपत्राचा फोटोवाला तासभर आधीच आला होता. सगळ्यांनी पांढऱ्या एप्रनमध्ये भिंतीसमोर उभं राहायचं होतं. मला वाटलं, परत येऊन करू. आणि परत यायला उशीर झाला तर ड्रम भरणारे खोळंबतील, म्हणून चिठ्ठीवर तिन्ही टिका करून टाकल्या. मग केस नीट केले आणि गेले. फोटो चांगला आलाय. मी सरांच्या उजव्या हाताला आहे. मामा त्यात नाही, कारण तो गच्चीवर दोर बांधत होता.

परत आले तर ड्रम भरून, झाकण लावून वर चढलेलासुद्धा होता. भरणाऱ्यांनी टिका पाहिल्या आणि भरला, त्यांची काय चूक? आमच्या ड्रमची तोटी तळापासून चार बोटं वर आहे. तोटीतून सगळं कधीच जात नाही, तळाशी राहतंच, म्हणून तर पावडर टाकायची. हे मला त्या क्षणी आठवलं का? खरं सांगायचं तर फोटोच्या गडबडीत मी ड्रमच विसरले होते.

वर मामाने झाकण उघडलं. थोड्या वेळाने त्याने गच्चीवरून वाकून हाक मारली, "मॅडम! ब्लीचचा वास येतोय!"

खाली सर होते, फोटोवाला होता, वाचनालयाच्या ग्रंथपालबाई होत्या, आमची अख्खी प्रयोगशाळा होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर तोंड करून म्हणाले, "अहो, तुमच्याच कपड्यांना येत असेल!"

सगळे हसले. मामाने बाही नाकाला लावून हुंगली. पुन्हा एकदा हुंगली. मग फळीवर बसला आणि फवारा सुरू केला. पहिल्या ड्रममध्ये वरची अर्धी भिंत झाली, दुसऱ्यात खालची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एप्रन धुवायला काढला आणि खिशात ते पाकीट निघालं. न फोडलेलं. मी मोरीच्या कडेला बसूनच राहिले. अजूनही वेळ होती. त्याच वेळी सरांना फोन केला असता तर सकाळी वरची भिंत साध्या पाण्याने धुऊन पुन्हा फवारता आली असती. प्रयोगशाळेत लेपाच्या बियाण्याची टाकी अर्धी भरलेली होती, फार तर दोन दिवस गेले असते आणि मला चार शब्द ऐकावे लागले असते. तेवढेच. पण ते चार शब्द मला नको होते. मी स्वतःला सांगितलं, ब्लीच थोडंच असेल, काही पेशी वाचतील, वाचतील त्या वाढतील. मग ते पाकीट मी कचऱ्यात टाकलं. घरच्या डब्यात नाही, रस्त्याच्या टोकाला जाऊन तिथल्या डब्यात.

पुढचे दोन आठवडे मामा दिवसातून तीनदा त्या फळीवर चढला. खालची भिंत नवव्या दिवशी हिरवट झाली, अकराव्या दिवशी सांगावं लागू नये इतकी हिरवी. वरची राखाडीच राहिली, मग तिच्यावर पांढरी खपली धरायला लागली. मामा तिच्यावर जास्त वेळ पाणी मारायचा. ग्रंथपालबाईंनी मला हसत सांगितलं, तुमचा रंगारी भिंतीशी बोलतो. रविवारी जेवताना तो मला म्हणाला, "वरची पिल्लं जरा लाजरी आहेत. येतील. घाई करायची नाही." मी ताटात बघत हो म्हणाले.

पंधराव्या दिवशी सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मोठं टेबल, भोवती आम्ही, आणि दाराजवळच्या स्टुलावर मामा. खपलीचा नमुना मी स्वतः तपासला होता. हिरव्या मण्यांच्या जागी रिकामी, रंग उडालेली टरफलं. शिवाय भिंतीचा फोटो भिंतीवरच्या पडद्यावर लावलेला. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यामधली रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती. जिथे एक ड्रम संपला आणि दुसरा लागला तिथे. जरा डोकं चालवलं असतं तर कुणालाही कळलं असतं. पण चिठ्ठीवर माझ्या तीन टिका होत्या आणि माझ्या टिकांवर कुणी शंका घेत नसे.

"काय झालं असेल?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. देवाशपथ, उघडलं होतं. तेवढ्यात मामा स्टुलावरून उठला.

"साहेब, माझ्याच हातून झालंय."

त्याने सांगितलं, की फवारणीच्या दिवशी सगळ्यात वर कठड्याखाली पक्ष्यांची घाण दिसली. राहवेना. पिशवीत तळाशी एक जुनं फडकं होतं, त्याने ती पुसली. फडकं जुन्या कामांचं, त्यात वर्षानुवर्षांचं ब्लीच मुरलेलं. पाणी वरून खाली येतं, तसं ते उतरलं असणार. "आणि वास तर मला आलाच होता," तो म्हणाला, "मी वेडा, ड्रमचा समजलो. मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या की माझ्या कपड्यांचा आहे. त्यांचं बरोबर होतं. मी ऐकलं असतं आणि तिथेच थांबलो असतो तर पिल्लं वाचली असती."

वीतभर फडक्याने दीड मजला भिंत मरत नाही. हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत असायला हवं होतं. पण सरांना उत्तर हवं होतं आणि समोर एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत उत्तर घेऊन आला होता. "इतक्या वर्षांची सवय," सर म्हणाले, तसे सौम्यपणेच, "एकदम जात नाही." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. माझं तोंड अजून उघडंच असावं. मी ते मिटलं.

सरांनी मला अहवाल टाइप करायला सांगितला. मामाचं काम त्याच दिवशी संपलं. जाताना तो मला बाहेर बोळात भेटला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तरी तो जरा लांब उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची मेहनत वाया घालवली मी. माफ करा." त्या म्हणण्यात थट्टा नव्हती. मी म्हणाले, "असू दे." एवढंच म्हणाले. ज्या माणसाने मला दुश्मनांची डबी आणून दिली होती त्याला मी माफ केलं!

वरची भिंत नव्याने फवारली. दुसरा रंगारी आणला, ड्रम मी तीनदा धुतला, चौथ्यांदाही धुतला. दोन महिन्यांत भिंत वरपासून खालपर्यंत हिरवीगार झाली. लोक बघायला यायला लागले. मला बढती मिळाली.

मामाने बाहेरच्या भिंती सोडल्या. ठेकेदार बोलवायला यायचे तर म्हणायचा, गुडघा धरलाय. गुडघा ठणठणीत होता. तो लोकांच्या खिडक्यांचे गज आणि दारं रंगवायला जाऊ लागला, तेच ते खोलीत बसून पावडर लावण्याचं काम. मामीचे फोन यायला लागले. "अगं, ह्यांना झालंय तरी काय? सारखे हात धुतात. कुंड्यांना पाणी घालायचं काम ह्यांचं होतं, आता म्हणतात तूच घाल, मी हात लावला तर मरतील. त्या दिवशी शेजारणीने बाळ आणलं बघायला, तर हे हात मागे बांधून उभे." मी म्हणायचे, वय झालंय मामी, होतं असं. रविवारी जाणं मी कमी केलं. कामाचा फार ताण आहे, असं सांगत होते.

आठ महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, मी पाहुण्यांना भिंत दाखवून त्यांना वाटेला लावलं आणि वळले तर समोरच्या फुटपाथवर मामा. हात कमरेवर नव्हते. दोन्ही खिशांत कोंबलेले. मान वर करून तो भिंतीकडे बघत होता, अगदी वरच्या भागाकडे. मी रस्ता ओलांडला आणि हाक मारली, "मामा!"

तो दचकून एक पाऊल मागे सरला. "लांबूनच बघतोय," म्हणाला. "हात नाही लावला हं मी."

मला रडू आलं नाही. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, चल, घरी चल, मला तुला काहीतरी सांगायचंय. वीस मिनिटांची वाट आम्ही चालत गेलो. काय सांगायचं याची मी मनात उजळणी करत होते. सोमवारी सरांना सांगायचं, अहवाल बदलायला लावायचा, हेही मी ठरवून टाकलं. चालता चालता मला स्वतःबद्दल जरा बरंही वाटायला लागलं होतं.

मामी स्वयंपाकघरात होती. मामा टेबलाशी बसला. मी उभीच राहिले आणि सांगितलं.

"भिंत तुझ्या फडक्याने मेली नाही. पहिल्या ड्रममध्ये ब्लीच होतं. तो धुवायचं काम माझं होतं. मी पुरता धुतला नाही, नुसत्या टिका केल्या."

"ड्रममध्ये?"

"हो."

"म्हणजे मला वास आला तो..."

"ड्रमचाच होता."

"कपड्यांचा नव्हता?"

"नव्हता. आणि फडक्याने फार तर वीतभर जागा गेली असती."

तो ओरडेल, थोबाडीत देईल, घरातून हाकलेल, या सगळ्याची मी तयारी करून आले होते. तो ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. "अगं ऐकलंस का?" तो मामीला म्हणाला, "फडकं नव्हतं! मी सांगत होतो ना, कपडे तीनदा उकळलेत म्हणून! नाक शाबूत आहे माझं! झाकण उघडताच मला वास कळला!" तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होता. त्याच्या त्या आनंदाकडे मला बघवेना. रागावला असता तर फार सोपं गेलं असतं.

मामी हसत नव्हती. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आठ महिने झाले."

"हो."

ती पुन्हा ओट्याकडे वळली. मामानेच खुर्ची उचलली, बसला, डोळे पुसले. "जाऊ दे गं. पोर घाबरली असेल," तो म्हणाला. मग मला विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"नाही. सोमवारी सांगणार आहे."

तो थोडा वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसला. "कशाला सांगतेस," तो म्हणाला, "नोकरी जाईल तुझी. मला आता कुठे परत लटकायचंय? माझं मला कळलं, झालं."

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवणार नाही. वीस मिनिटं उजळणी केलेलं सगळं त्या एका वाक्याने गळून गेलं, आणि 'नाही मामा, मी सांगणारच' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघालं, "खरंच नको ना?"

मामाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं. माझ्याकडे बघता बघता ते हळूहळू गेलं. तो 'नको' म्हणाला होता ते मी ऐकणार नाही अशा भरवशावर, हे मला तेव्हा कळलं. एकदा कळल्यावरही बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

त्याने माझ्यावरून नजर काढली आणि मामीला म्हणाला, "हिला जेवायला वाढ."

मामीने तीन ताटं घेतली. मी जेवले. मामीने पुन्हा वाढलं, तेही मी खाल्लं.